एकाच मुलाची तीन जन्मसालं: युद्धातल्या अनाथांचे कागद वाचायला शिकताना

आरोल्झन अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे नाझी छळाला बळी पडलेल्यांचे कागद जपणाऱ्या जर्मनीतल्या संग्रहात, दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या अनाथ मुलाचा माग काढायला बसलात की लवकरच हे कोडं पडतं: नाव तेच, गाव तेच, पण जन्मसाल एका कागदावर १९२६, दुसऱ्यावर १९२८, तिसऱ्यावर १९३०. नवखा माणूस ही तीन वेगळी मुलं धरतो, नाहीतर कारकुनाची चूक म्हणून एक साल उचलून मोकळा होतो. दोन्ही करू नका.

वय बदलण्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. आउशवित्झच्या छळछावणीत कोणाला मजुरीला ठेवायचं आणि कोणाला मारायचं, या निवडीत १४ वर्षांच्या पोराने १७ सांगितलं, तर मजूर म्हणून जगण्याची थोडी आशा होती. युद्ध संपल्यावर हिशेब उलटला. ब्रिटनने १६ वर्षांखालच्या १००० मुलांना प्रवेश देऊ केला, तेव्हा त्याहून मोठ्या मुलांनीही वय कमी सांगितलं. (प्रत्यक्षात ७३२ पोहोचली; पहिली तुकडी ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागहून विंडरमियरला.) कॅनडाच्या योजनेत मर्यादा १८ ची होती. म्हणून कागद हाती आला की तो कधी, कोणापुढे आणि कशासाठी भरला, ते आधी बघा.

सुरुवात डीपी-२ कार्डाने करा, म्हणजे युद्धानंतर विस्थापितांच्या (डिस्प्लेस्ड पर्सन्स) नोंदणीसाठी भरलेल्या कार्डाने. त्यावर वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, १ जानेवारी १९३८ चा पत्ता, येणाऱ्या भाषा आणि कुठे जायचंय, हे सगळं असतं. ‘सोबत कुटुंबातले किती’ हा रकानाही असतो. या मुलांच्या कार्डांवर तो वाचताना हात थबकतो. सगळ्यात आधी वहीत उतरवा ते आईचं माहेरचं नाव. ते बदलून मुलाचा काही फायदा नव्हता, म्हणून ते सहसा टिकतं, आणि एकाच नावाची दोन मुलं वेगळी करायला तेच उपयोगी पडतं.

मग सीएम-१ अर्ज. जुलै १९४७ पासून आयआरओच्या (आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या) मदतीसाठी आलेले हे अर्ज लांबलचक, बरेचसे हाताने भरलेले. शाळा कुठे तुटली, छावण्या कोणत्या, नंतर काम काय शिकला, हे इथे वर्षावार सापडतं. ओआरटी या कामधंदा शिकवणाऱ्या ज्यू संस्थेच्या वर्गात शिवणकाम किंवा रेडिओदुरुस्ती शिकल्याची नोंद मिळाली तर तिचा महिनाही टिपा. मुलगा पुन्हा उभा राहू लागला ते तिथे दिसतं.

नावाची सगळी रूपं शोधा: मोशेक, मोझेस, मोशे, मॉरिस. तारखेत दिवस आधी की महिना, तेही तपासा. ३/८ आणि ८/३ मध्ये फार जण फसतात.

वहीत एकच ‘खरं’ साल लिहू नका. साल, कागद, त्या वेळचा नियम, असे तीन रकाने पाडा. मूळ गाव पोलंडमध्ये असेल तर तिथली जन्मनोंद १०० वर्षांनी सर्वांना खुली होते. घाई असेल तर हयात मुला-नातवंडांना अर्ज करायला सांगा; नातं दाखवणारे दाखले मात्र आधीच जमवून ठेवा.