वसंतात मुलांना शाळेत पाठवताना या चुका टाळा

वसंत आला की शाळेच्या आरोग्य कक्षातला बाक रिकामा राहत नाही. सकाळी गारठा, दुपारी चटका, वाऱ्यावर परागकण आणि त्यात परीक्षा. मुलं आजारी पडणारच, त्याला कुणाचा इलाज नाही. पण मी इथे परिचारिका म्हणून जे बघते, त्यातला बराचसा त्रास मोठ्यांच्या घाईने वाढवलेला असतो. त्याच त्या चुका दरवर्षी होतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

अंगावर फोड, तरी शाळेत

ही चूक मला सर्वात जास्त छळते. एका परीक्षेच्या आठवड्यात चौथीतला एक मुलगा पोट दुखतंय म्हणून आला. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर पावडरचा थर. शर्ट वर केला तर पोटावर काही नुसते लाल ठिपके, काही पाण्याने टरारलेले फोड आणि काहींवर खपली धरलेली. तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसल्या की कांजिण्यांचा संशय घ्यायचाच. आईला फोन केला. "सिस्टर, घामोळं असेल हो ते. पेपर तेवढे होऊ द्या."

त्याच वर्गात मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टेरॉइड घेणारी एक मुलगी होती. अशा मुलांची प्रतिकारशक्ती दबलेली असते, कांजिण्या त्यांच्या फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. तिच्या वडिलांना काम टाकून त्याच दुपारी तिला घेऊन तज्ज्ञांकडे धावावं लागलं. वेळेत इंजेक्शन मिळालं, ती वाचली. पण त्या माणसाचा चेहरा मी विसरले नाही. पुढे दोन-तीन आठवड्यांत वर्गातली एकामागून एक मुलं अंथरुणाला खिळली, कारण संसर्गानंतर पुरळ उठायला 10 ते 21 दिवस लागतात. एका मुलाचे पेपर वाचवायला गेले आणि कितीतरी मुलांचे बुडाले.

कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. चेहरा स्वच्छ दिसला म्हणून मूल मोकळं झालं असं नाही. परत आलेल्या मुलाला मी खिडकीजवळ उभं करून पाठ, कानामागचा भाग आणि केसांतली त्वचा बघते. एक जरी ओला फोड सापडला तर मूल घरी. पालक रागावतात, रागावू देत. घरी नखं कापा, तापाला पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन टाळा. ॲस्पिरिन तर मुलांना मनाने कधीच देऊ नका, त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. लस घेतली नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.

ताप दाबून पाठवणं

सकाळी सिरप पाजायचं, अंग निवलं की दप्तर पाठीवर. चार-सहा तासांत औषधाचा अंमल उतरतो आणि मधल्या सुट्टीनंतर पोर कुडकुडत माझ्याकडे येतं. औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप नसेल तरच शाळा, एवढं साधं आहे.

यातली धोक्याची चूक मापाची. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या मुलाला एका वेळी 200 ते 300. पण बाटल्या सारख्या नसतात. एका सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या तेवढ्याच 5 मिलीत 250, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकेका मिलीत 100. ड्रॉप्स 'लहानांचे, म्हणून सौम्य' समजून चमचाभर पाजणारे लोक मी पाहिलेत. त्या चमच्यात 500 मिलिग्रॅम जातं! माझी सवय सांगते: नवी बाटली उघडली की तिच्यावर मार्करने ठळक अक्षरांत 5 मिलीत किती ते लिहायचं, शेजारी मुलाचं वजन. माप बाटलीबरोबरच्या कपाने किंवा सिरिंजने, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. डोस दिल्याची वेळ कागदावर टिपायची, नाहीतर आईनंतर तासाभराने आजी पुन्हा पाजते.

प्रत्येक शिंकेला सर्दी समजणं

डोळे आणि नाक खाजतंय, पाण्यासारखं नाक वाहतंय, ताप नाही आणि आठवडे उलटले तरी थांबत नाही, तर ॲलर्जीचा विचार करा. लोक बागेतली रंगीत फुलझाडं उपटतात. त्या फुलांचे परागकण जड, चिकट असतात, ते कीटकांबरोबर जातात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे, झाडांचे आणि गवताचे, ज्यांची फुलं नजरेतही भरत नाहीत. खेळून आल्यावर चेहरा धुवा, कपडे बदला, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून घ्या. गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी मनाने देऊन मुलाला पेपरला बसवू नका. डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून फेकून देणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. फवारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा.

बाकीच्या, थोडक्यात

ओआरएसची पुडी अर्धी-अर्धी करून ग्लासात ढवळू नका, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण घाला.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स पुन्हा चालू करू नका.

पाण्याची बाटली विसळून भागत नाही, झाकणातली रबरी कडी काढून घासा.

सायकलचं हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

दमा असलेल्या मुलाचा पंप घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. एक पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी, जिच्यातून औषध श्वासाबरोबर नीट आत जातं) शाळेत हवा, मुदतीची तारीख बघून, वर नाव घालून. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता पंप देत देत थेट रुग्णालय गाठायचं.