अली की टायसन? काळापलीकडची जोड लावताना या चुका टाळा

‘टायसननं अलीला दोन राउंडांत झोपवला असता बे!’ पार्क चौकात रात्रीच्या चहाला कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि पुढचा तास तिथंच जातो. मुहम्मद अली आणि माइक टायसन, वेगवेगळ्या काळातले हे दोन हेवीवेट (सर्वांत वरच्या वजनगटातले) बॉक्सर भिडले असते तर कोण जिंकलं असतं, हा वाद आम्ही वर्षानुवर्षं घालतोय. निकाल ठरलेला: ज्याचा आवाज मोठा, त्याचा बॉक्सर जिंकला.

एकदा तालमीतले वस्ताद शेजारी बसून ऐकत होते. बॉक्सिंगशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण जत्रांच्या मैदानांत कुस्त्यांच्या जोडी लावण्यात हयात गेलेली. त्यांनी मध्येच विचारलं, ‘माती का गादी, ते सांगा आधी.’ आम्ही हसलो. घरी जाताना लक्षात आलं की अख्ख्या तासात तेवढाच एक प्रश्न कामाचा होता. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी हे दोन विभाग उगाच नाहीत. जोड लावणारा वजन बघतो, वय बघतो, मैदान बघतो आणि मग नावं पुकारतो. आम्ही नावं आधी पुकारत होतो आणि बाकीचं सोयीनं जमवत होतो.

साल न सांगता माणूस उभा करणं

निम्मी भांडणं इथंच सुरू होतात. अली म्हणजे कुठला अली? नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडात संपवणारा अली पायांवर खेळायचा, सापडायचाच नाही. पुढच्या वर्षी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यावर किताब गेला, परवाना गेला, उमेदीची साडेतीन वर्षं गेली. ऑक्टोबर १९७० मध्ये परतलेल्या अलीचे पाय मंदावले होते, पण मार पचवायची ताकद अशी, की १९७४ मध्ये किन्शासाला त्यानं चॅम्पियन जॉर्ज फोरमनचे ठोसे दोरांना टेकून झेलले. वादात आपण पाय १९६६ चे घेतो, छाती १९७४ ची घेतो आणि जिगर १९७५ च्या मनिलातल्या फ्रेझियरविरुद्धच्या लढतीतली. असा मिसळ केलेला अली एकाही दिवशी रिंगमध्ये उतरला नव्हता.

टायसनचंही तेच. जून १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा टायसन आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरणारा टायसन यांच्यात वीसच महिने आहेत, पण जोड लावताना दोघांना एक धरून चालत नाही. महिना आणि साल आधी बोला. तेवढ्यानंच अर्धी भांडणं मिटतात.

‘यानं त्याला हरवलं, म्हणजे…’

आमच्यातल्या एकाचा हा हुकमी एक्का: लॅरी होम्सनं अलीला हरवलं, टायसननं होम्सला हरवलं, संपला विषय. आता वयं बघा. १९८० मध्ये होम्सपुढे उभा राहिलेला अली ३८ चा होता. १९८८ मध्ये टायसनपुढे उभा राहिलेला होम्सही ३८ चाच. दोन थकलेल्या माणसांच्या हारीची बेरीज करून तरण्या अलीचा निकाल लागत नाही.

सगळे भरात असतानाही हे गणित फसतं. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरनं अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये फोरमननं त्याच फ्रेझियरला दोन राउंडांत सहा वेळा खाली पाडलं. दोन महिन्यांनी केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला आणि पॉइंटवर जिंकला. पुढच्या वर्षी फोरमननं नॉर्टनचाही दोनच राउंडांत निकाल लावला. या हिशोबानं फोरमनपुढं अलीनं उभंच राहायला नको होतं. पण किन्शासात अलीनं त्याला आठव्या राउंडात पाडलं. फ्रेझियर सरळ पुढं घुसायचा, म्हणजे फोरमनच्या अपरकटला (खालून वर येणाऱ्या ठोशाला) घरपोच माल. अली घुसला नाही. अंगावर घेतलं, दमवलं आणि मग मारलं. याच्याकडचा कुठला डाव त्याला लागू पडतो, एवढंच विचारायचं.

राउंड न मोजणं

माती का गादी, ते हेच. किताबाच्या लढती १९८० च्या दशकापर्यंत सर्रास १५ राउंडांच्या असत, आता १२. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सप्टेंबर १९५२ मध्ये रॉकी मार्सियानो चॅम्पियन ‘जर्सी जो’ वॉलकॉटविरुद्ध तिन्ही पंचांच्या गुणांच्या कार्डावर मागं होता, आणि तेराव्या राउंडात एका उजव्या ठोशानं त्यानं किताब घेतला. लढत १२ ची असती तर मार्सियानो हरला असता, आणि त्याच्या ज्या ४९-० च्या (४९ लढती, एकही हार नाही) गोष्टी आपण सांगतो तो आकडाच नसता. जून १९४१ मध्ये चॅम्पियन जो लुईसला बिली कॉननं असंच दमवलं होतं. बारा राउंडांनंतर कॉन पुढं होता, तेराव्यात गारद झाला. उलट बाजूनं बघा: टायसन कधीच बाराव्या राउंडाच्या पुढं गेला नाही. पंधराव्यात त्याचा दम कसा राहिला असता, हे सांगणारा एकही पुरावा कुणाकडं नाही.

आणखी एक. पाडल्यावर लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची सक्ती शंभर वर्षांपूर्वीचा चॅम्पियन जॅक डेम्पसी याच्या उमेदीत पाळली जात नव्हती. पडलेला उठू लागला की डेम्पसी त्याच्या डोक्यावर उभाच. १९१९ मध्ये त्यानं विलार्डला पहिल्याच राउंडात सात वेळा पाडलं, त्यात या सवलतीचा वाटा होता. आजच्या रेफरीपुढं हे चालत नाही, म्हणून कुणाच्या काळचा रेफरी तेही ठरवा.

वजनाकडं डोळेझाक, किंवा फक्त वजनच

मार्सियानो १८५ पाऊंडांच्या आसपास लढायचा, म्हणजे ८४ किलो. आज २०० पाऊंड, साधारण ९१ किलो, ओलांडल्याशिवाय हेवीवेट होता येत नाही. त्याला आज क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, उतरावं लागेल. साडेसहा फुटी व्लादिमिर क्लिच्कोसमोर त्याला उभं करणं म्हणजे जोड नव्हे, गंमत. ‘आजचा खुराक मिळाला असता तर तो शंभर किलोचा झाला असता’ असं कुणी म्हणालं तर हरकत नाही, पण मग क्लिच्कोलाही १९५२ चा खुराक द्यायची तयारी हवी.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरी (हा वेगळा टायसन, आजच्या काळातला) २६२ पाऊंडांचा होता, त्याच्यासमोरचा उसिक २२३.५ चा. जिंकला उसिक. आणि गंमत अशी, की भरातला माइक टायसन भरातल्या अलीपेक्षा वजनानं थोडा जास्तच भरतो, २१८ विरुद्ध २१२. फरक उंचीत आणि पल्ल्यात, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीत, आहे: अलीचा पल्ला ७८ इंच, टायसनचा ७१.

जुन्या फिती बघून वेग ठरवू नका. त्या हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यांच्या, आणि पुढं जास्त वेगानं दाखवल्या गेल्या, म्हणून सगळे टुणटुण उड्या मारताना दिसतात. कॉम्प्युटरचा हवालाही देऊ नका. १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांची कॉम्प्युटरवर ठरवलेली लढत चित्रित केली होती. अमेरिकेत दाखवलेल्या फितीत मार्सियानो जिंकला, युरोपात दाखवलेल्या फितीत अली. गिऱ्हाईक बघून माल.

शेवटी आम्ही रीतसर जोड लावली. नोव्हेंबर १९६६ चा अली, जून १९८८ चा टायसन, १२ राउंड, आजचा रेफरी. माझं मत: पहिले चार राउंड अलीच्या जिवावर बेतणारे. तो हात खाली ठेवून सरळ मागं झुकायचा, आणि डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) त्याला लागायचा. १९६३ मध्ये हेन्री कूपरनं त्याच हुकनं त्याला बसवलं होतं, आणि टायसनचा हुक कूपरपेक्षा जड. पण उंच, जॅब (लांबून मारलेला सरळ ठोसा) चालवणारा आणि जवळ आला की मिठी मारणारा माणूस टायसनला नेहमीच नकोसा व्हायचा. १९८७ मध्ये जेम्स स्मिथ आणि टोनी टकर दोघेही पूर्ण १२ राउंड टिकले, आणि त्यांना अलीचे पाय नव्हते. दहाव्यात रेफरी लढत थांबवेल, जिंकेल अली.

मित्राचं म्हणणं, टायसन तिसऱ्यातच. पण आता तोही ‘डाव्या हुकनं, दोरांजवळ’ असं कारण जोडून म्हणतो. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, ‘इनाम किती लावलंय?’ इनाम लावलेलंच नव्हतं. चहाचे पैसे त्यांनी दिले.