पक्ष्यांसाठी वर्गणी मागताना: कोल्हापूरकरांना काय चालतं, काय खटकतं

तालीम, गणपती, नवरात्र, गावची जत्रा अशा सगळ्यांच्या पावत्या घेणारं हे शहर आहे. त्यामुळे पक्ष्यांच्या कामाला कुणी हात आखडता घेतला, तर त्याला कंजूष समजू नये. पैसे कुणाच्या खात्यात जाणार, त्यातून नेमकं काय होणार आणि झालं ते आपल्याला कळणार का, हे त्याला समजलेलं नसतं.

म्हणून आधी कागद नीट करावेत. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली नसेल, तर तात्पुरत्या वर्गणीसाठीही धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ४१ क) घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही वाट पाठ आहे, त्यांना विचारा. पावतीपुस्तक अनुक्रमांक छापलेलं आणि स्थळप्रतीचं हवं. कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं याची वही ठेवा. चुकलेली पावती फाडून टाकू नका. दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून ‘रद्द’ लिहा, नाहीतर हिशेब तपासताना गाळलेला क्रमांक संशयाला जागा देतो. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. स्कॅन केल्यावर एखाद्या कार्यकर्त्याचं नाव दिसलं, की देणारा तिथंच थांबतो, आणि त्याचं बरोबर आहे. देणगीवरची आयकर सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) सांगत असाल तर पूर्ण सांगा: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही.

दुकानदाराकडे गिऱ्हाइकांच्या वेळेला जाऊ नये. महाद्वार रोडला संध्याकाळी पाच-सहा जणांनी दारात उभं राहून मागितलेली वर्गणी म्हणजे दबाव, मग काम कितीही चांगलं असो. दोघांनीच जावं, तेही दुकान उघडल्यानंतरच्या निवांत तासात. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं की नमस्कार करून निघावं. गणपती-नवरात्राच्या आगेमागे तर जाऊच नये, लोकांचे खिसे तेव्हा आधीच रिकामे झालेले असतात. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह जास्त सोयीचा. दिवाळी त्यातच आली, तर आठवडाभर पुढे जा.

सगळ्यात कमी खटकणारी पद्धत म्हणजे आधी पक्षी दाखवायचा. रंकाळ्यावर किंवा कळंब्याला सकाळी साडेसहा ते साडेआठ फेरी ठेवा. एका माहीतगारामागे पंधराच माणसं घ्या, कारण त्यापुढे मागच्यांना ऐकू येत नाही आणि पक्षीही लांब सरकतात. ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) चार-पाच दुर्बिणी पुरतात. हळदी-कुंकू बदक, वारकरी, टिबुकली, खंड्या ही नावं ओळखीची वाटतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. फेरी मोफत की सशुल्क, ते निमंत्रणातच लिहा. मोफत म्हणून बोलावून शेवटी डबा फिरवला, तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो परत येत नाही. पेटी आणि क्यूआर एका टेबलावर ठेवावेत, पाहिजे तो जाईल.

जखमी पक्ष्याचे रक्ताळलेले फोटो पहिल्यांदा पैसे आणतात, पण नंतर लोक ग्रुप म्यूट करतात. दुसरीकडचा फोटो आपला म्हणून वापरणं तर सरळ खोटेपणा. घरट्याचा फोटो किंवा ठिकाण टाकू नका. राधानगरीत धनेशाची ढोली कुठं आहे हे कळलं, की कॅमेरेवाल्यांची गर्दी होते आणि ज्याच्यासाठी पैसे मागितले त्यालाच त्रास होतो. व्हॉट्सअॅपवर महिन्यात एकदाच मागावं, मधले संदेश कामाचे असावेत. ब्रिटनमध्ये २०१५ साली धर्मादाय संस्थांच्या सततच्या पत्रांवर आणि फोनवर लोक इतके संतापले, की पुढच्या वर्षी निधी मागण्यावर लक्ष ठेवायला वेगळी नियामक संस्था उभी राहिली.

‘पक्षी दत्तक घ्या’ योजनेत रक्कम एकूण कामाला जाते, हे ठळक छापा. नाहीतर ‘माझा पक्षी कुठला?’ असं विचारल्यावर उत्तर नसतं. लकी ड्रॉची कुपनं खपतात, पण परवानगीशिवायची सोडत कायद्यात गुन्हा ठरू शकते, त्या वाटेला जाऊ नका. शाळेतल्या मुलांच्या हाती पेट्या देऊन घरोघर पाठवणंही नको. लोक मुलांना नाही म्हणू शकत नाहीत आणि नंतर पालक रागावतात.

प्रायोजक कुणाला करायचं नाही, याचा ठराव पैसे येण्याआधी कार्यकारिणीत करून ठेवावा. पंचगंगेत सांडपाणी सोडल्याची तक्रार असलेल्या उद्योगाचं नाव पाणपक्ष्यांच्या फलकावर झळकलं, तर साध्या देणगीदारांचा विश्वास उडतो. तो परत मिळवायला वर्षं जातात.

खर्च सांगताना मानधन आणि जीपचं डिझेल लपवू नये. सगळा पैसा पक्ष्यांनाच, असा दावा केला की पहिल्या डिझेलच्या बिलाला तो खोटा पडतो. महिन्याभरात एका पानाचा हिशेब तयार करा: जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, कोणतं काम अर्धवट राहिलं. जिथं पेटी ठेवली होती तिथंच तो लावा, आणि ज्यांनी पावती घेतली त्यांना पाठवा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे घेताना पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याकडून पाच हजार आले, तरी परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर आभार मानून नकार द्या.