डेस्कटॉपला स्टोरेज किती घ्यावं? आधी घरातलं मोजा, मग सिल्व्हर मॉलला जा

दिवाळीनंतर इंदूरच्या रामबागेतल्या काकांचा फोन आला, की अगं कॉम्प्युटर पार भरलाय, आता नवीनच घेतो, तर किती जीबीचा घेऊ ते तेवढं सांग. नवीन घेण्याचं कारण तसं खरंच होतं, कारण त्यांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण "भरलाय" हे काही मला पटेना. काकांचं काम म्हणजे बिल्डिंगचा हिशेब, चार पत्रं, आणि घरातले फोटो. ते आधी दुकानात विचारून आले होते, तिथे एका वाक्यात उत्तर मिळालं होतं, "भिया, दो टीबी डलवा लो, टेंशन खतम." आता दोन टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लागतीलही, नाही असं नाही, पण कशाला लागतील आणि कुठल्या प्रकारची घ्यायची हे त्यात कुठेच आलं नाही ना.

डेस्कटॉपचं एक बरं असतं. लॅपटॉपसारखं सगळं आजच ठरवावं लागत नाही, कॅबिनेट उघडून दोन वर्षांनी अजून एक ड्राइव्ह लावता येते. म्हणून पहिल्या दिवशी दोनच गोष्टी नीट ठरवायच्या असतात, ज्यावर विंडोज बसणार ती पहिली एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, आत काही न फिरणारी ड्राइव्ह) केवढी, आणि पुढे वाढवायला मदरबोर्डावर जागा आहे की नाही. ते कसं ठरवायचं ते काकांच्याच उदाहरणावरून सांगते.

पहिली पायरी: आत्ता खरंच किती भरलंय ते बघा

विंडोजचं बटण दाबून ठेवून ई दाबा, डावीकडे धिस पीसी वर क्लिक करा, सगळ्या ड्राइव्ह समोर येतात. काकांकडे सी लाल झालेला, १०० पैकी फक्त ७ जीबी रिकामे. आणि त्याच्या शेजारी डी, ३६५ जीबीचा, त्यात ८६ जीबी मोकळे पडलेले! म्हणजे डिस्क एकच, ५०० जीबीची, पण कधीतरी कुणीतरी बसवताना सी ला १०० देऊन बाकी सगळं डी ला दिलं होतं. सी लाल झाला म्हणजे कॉम्प्युटर भरला असं नसतं, हे आधी लक्षात घ्या, कारण एवढ्या एका लाल पट्टीपायी लोक नवीन मशीन घ्यायला निघतात. नवीन मशीनमध्येही दुकानदाराला सांगा की एसएसडीचे तुकडे पाडू नका, एकच सी राहू द्या.

(१०० आणि ३६५ मिळून ४६५ झाले, मग ५०० ची डिस्क कशी, असं काकांनी लगेच विचारलं, हिशेबाचा माणूस. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ५०० चे ४६५ दिसतात, ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१. फसवणूक नाही, पण हिशेब करताना ९३१ च धरायचे.)

मग विझट्री किंवा विनडिरस्टॅट यातलं एखादं सॉफ्टवेअर टाका, दोन्ही घरगुती वापराला फुकट आहेत, कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते एका नजरेत दिसतं. काकांच्या डी मध्ये तीन फोल्डर निघाले: "मोबाइल बॅकअप", "मोबाइल बॅकअप नवीन", "मोबाइल बॅकअप फायनल". दर वेळी अख्खा फोन उतरवून घेतलेला, म्हणजे नातीच्या बारशाचे तेच फोटो तीन तीन ठिकाणी. आम्ही दोघं बसलो, एकेक फोल्डर ताडून बघितलं, ६२ जीबी उडाले. ३७२ वापरलेले होते ते ३१० वर आले. हे आधी करा, कारण कचरा मोजून त्याच्यासाठी जागा विकत घेण्यात काही अर्थ नाही. आणि हो, उडवण्याआधी एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेऊनच उडवा.

दुसरी पायरी: तीन ढीग करा

जे उरलं त्याचे कागदावर तीन ढीग करायचे. पहिला, विंडोज आणि सॉफ्टवेअर. दुसरा, रोजचं चालू काम. तिसरा, नुसतं जपून ठेवायचं ते, फोटो, व्हिडिओ, जुनं रेकॉर्डिंग. काकांचे अनुक्रमे ९०, ४० आणि १८० जीबी निघाले.

पहिल्या ढिगात लोक नेहमी कमी धरतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट कमीत कमी ६४ जीबी सांगतं, पण ते नुसतं बसण्यापुरतं. अपडेटला मोकळी जागा लागते, रॅम कमी पडली तर विंडोज पेजफाइल (रॅमची कमी भरून काढणारी डिस्कवरची फाइल) वाढवतं, आणि हायबरनेशन (चालू काम डिस्कवर उतरवून मशीन बंद करणं) चालू असेल तर ती फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी तिथेच गेले. मोठं अपडेट आलं की जुनं विंडोज दहा दिवस तसंच पडून राहतं, ते वेगळं. म्हणून काहीही विशेष न करणाऱ्या घरातसुद्धा पहिल्या ढिगाला मी १०० जीबी धरते. मुलगा इथल्या एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा दुसरीकडे कुठे कॉम्प्युटर शिकत असेल तर फोनची अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला नकली फोन म्हणजे एम्युलेटर मिळून १५-२० जीबी सहज, एखादं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) टाकलं की अजून ४०-५०, मग २०० धरा. गेम खेळत असेल तर वेगळाच हिशेब आहे, मोठे गेम आता एकेक १०० ते १५० जीबीचे असतात आणि मुलं एक काढून दुसरा टाकत नाहीत, तिथे १ टीबीच्या खाली जाऊच नका.

दुसरा ढीग उलट बहुतेकांचा फार छोटा असतो. लहान दुकानाचा टॅलीचा डेटा, एक्सेल, वर्ड, पीडीएफ, हे सगळं वर्षानुवर्षांचं मिळून काही जीबीत मावतं. नुसतं ऑफिसचं काम असेल तर घाबरू नका.

तिसरा ढीग, खरी जागा इथे जाते

यावर जरा जास्त लिहिते कारण सगळा अंदाज इथेच चुकतो. फोनवरचा फोटो ३ ते ५ एमबीचा, म्हणजे हजार फोटो तीन ते पाच जीबी, ठीक आहे. व्हिडिओचं मात्र बघा. साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी, तासाला ८ जीबीच्या आसपास. तोच फोर के मध्ये घेतला तर मिनिटाला साडेतीनशे एमबी, तासाला २१ जीबी. फोनमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) चालू असेल तर याच्या जवळपास निम्मं. गणेशोत्सवात मुलांचं दोन तासांचं नाटक एखाद्या बाबांनी पहिल्या रांगेत बसून फोर के मध्ये घेतलं की झाले ४२ जीबी, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाऊन तासभर रेकॉर्डिंग केलं की अजून २१.

आता याच्याशेजारी हे ठेवा. काकांकडे त्यांच्या वडिलांनी रेकॉर्ड केलेल्या भजनांच्या कॅसेट आहेत, ६० मिनिटांच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या शाईत तारीख आणि गाणाऱ्यांची नावं. त्या उतरवायच्या आहेत असं ते चार वर्षं म्हणतायत आणि जागा फार लागेल म्हणून थांबलेत. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबी, म्हणजे एक कॅसेट ६०० एमबी, शंभर कॅसेट ६० जीबी. एका माणसाने आयुष्यभर जपलेलं गाणं तीन तासांच्या फोर के व्हिडिओपेक्षा कमी जागेत बसतं! हे सांगितलं तेव्हा काका जरा वेळ गप्पच बसले, मग उठून खोकं काढून आणलं. जुने फोटो स्कॅन करायचे तरी तसंच, ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ, म्हणजे दर्जा न घटवणारी फाइल, ठेवला तर २६ एमबी, पाचशे फोटो १३ जीबी. तेव्हा जागेची काळजी करून जुन्या वस्तू उतरवायचं थांबवू नका, कॅसेटची टेप आपल्यासाठी थांबत नाही.

वाढीचा वेग काढा आणि पुढचा हिशेब करा

फोटो वर्षावार लावलेले असतील तर मागच्या एका वर्षाचं फोल्डर किती जीबीचं आहे ते बघा, नसतील तर तारखेप्रमाणे सॉर्ट करून एका वर्षाचे निवडा, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, साइज दिसेल. काकांचं ७० निघालं. कॉम्प्युटर चार वर्षं वापरायचा तर २८०, पण दर नव्या फोनबरोबर फायली मोठ्या होतात म्हणून मी दीडपट करते, ४२०. आजचे ३१० आणि हे ४२० मिळून ७३०. आता ड्राइव्ह गच्च भरायची नसते, एसएसडी फार भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून २० टक्के मोकळे धरून ७३० ला ०.८ ने भागलं, ९१२ आले. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये विंडोज ९३१ दाखवणार. म्हणजे बसतं, पण अगदी कडेकडेने, आणि त्यात कॅसेट अजून धरल्याच नाहीत.

मग कुठली आणि किती

इथे ढीग कामाला येतात. पहिला आणि दुसरा ढीग एसएसडीवरच हवा, यात तडजोड नको. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५०-२०० एमबी वाचते, साटा, म्हणजे जुन्या जोडणीची एसएसडी ५५० पर्यंत, एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची, ३,५०० आणि त्याच्याही वर. पण खरा फरक आकड्यात नाही, हार्ड डिस्कला शंभर छोट्या फायली शंभर ठिकाणाहून उचलताना आत फिरावं लागतं आणि विंडोज दिवसभर तेच करत असतं, म्हणून जुनं मशीन रखडतं. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलं की जमीन अस्मानाचा फरक पडतो, साटावरून एनव्हीएमईवर गेलं तर घरगुती कामात तेवढा जाणवत नाही. तिसऱ्या ढिगाला वेग लागत नाही, तो हार्ड डिस्कवर आरामात राहतो आणि तिथे जीबीमागे पैसे कमी पडतात.

काकांचे पहिले दोन ढीग मिळून १३० जीबी, म्हणजे त्यांना ५१२ ची एनव्हीएमई एसएसडी आणि फोटो-कॅसेटला २ टीबीची हार्ड डिस्क, असं मी सांगितलं. म्हणजे दुकानदाराची दोन टीबी आलीच, पण हार्ड डिस्कवर आणि कशासाठी ते माहीत असून. २५६ ची एसएसडी घेऊ का म्हणाले, त्याला मी नाही म्हटलं, मी स्वतः घेतली होती आणि दीड वर्षात दर महिन्याला जागा करत बसायची वेळ आली, शेवटी दुसरी घेऊन सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवावं (क्लोन करावं) लागलं. फक्त ऑफिसचं काम आणि फोटो सगळे बाहेर, असं असेल तरच २५६ चालेल. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना एक वेगळी सूचना, चालू प्रोजेक्टचं जेवढं फुटेज त्याच्या तिप्पट जागा एसएसडीवर मोकळी ठेवा, कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली) आणि फायनल फाइल मिळून तेवढं लागतंच. त्यांनी १ किंवा २ टीबीची एसएसडी घ्यावी.

दुकानात काय विचारायचं

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला, इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, गेलात की आधी मदरबोर्डचं नाव लिहून घ्या. एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) किती, एक की दोन, हे विचारा, स्वस्त बोर्डावर बरेचदा एकच असतो. त्यातला स्लॉट एनव्हीएमई घेतो की नुसतं साटा, हेही विचारा, कारण दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच. काही बोर्डांवर दुसरा एम डॉट टू भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कला खाचा आहे का आणि एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची पॉवर वायर मोकळी आहे का ते डोळ्यांनी बघा. दोन टीबीपेक्षा मोठी डिस्क घेतली तर ती जीपीटी करून घ्या (जीपीटी आणि एमबीआर या डिस्कचे भाग नोंदवायच्या नव्या-जुन्या पद्धती), एमबीआर केली तर दोनच्या वरची जागा दिसणारच नाही.

आतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. लाइट येता-जाताना झटका बसला किंवा व्हायरसने फायली लॉक केल्या तर दोन्ही एकदम जातात. म्हणून बजेट ठरवताना बाहेरच्या एका डिस्कचे पैसे त्यातच धरा, दोन टीबीची आत घेतली तर दोन टीबीची बाहेर.

मशीन घरी आलं की एक शेवटचं काम, नाहीतर वरचं सगळं फुकट जाईल. पिक्चर्स फोल्डर मुळात सी वर असतं, त्यामुळे फोटो आपोआप एसएसडीवर साचत राहतात. डी वर, म्हणजे आता हार्ड डिस्कवर, त्याच नावाचं फोल्डर करा, सी वरच्या पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डी वरचं फोल्डर दाखवा. व्हिडिओजचं पण तसंच. काकांकडे हे करून दिलं तेव्हा डी वर त्यांनी स्वतः अजून एक फोल्डर बनवलं, "अण्णांची भजनं", आणि पहिली कॅसेट त्याच संध्याकाळी लावली.