शिक्षकांनो, कॉप्यांचा ढीग घरी नेण्याआधी हे करून बघा

फेब्रुवारीत सातवीतल्या एका मुलीनं अपूर्णांकातली तीच शंका दुसऱ्यांदा विचारली आणि मी तिच्यावर इतकी खेकसले की ती वही छातीशी धरून गुपचूप खाली बसली. त्या दिवशी घरी आल्यावर स्कूटी लावली आणि दहा मिनिटं पार्किंगमध्येच बसून राहिले, जिना चढायची इच्छाच होईना.

ही नुसती दमणूक नसते हो, हा बर्नआउट, म्हणजे कामानं माणूस आतून पार संपून जाणं. दमलेला माणूस रविवारी झोपला की सोमवारी ठीक होतो, इथे रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामातून आलेला, न आवरलेला ताण म्हटलं, आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगात त्राण न उरणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्याच्यानं काही नीट होत नाही असं वाटणं. मूळ कामात आहे ना, मग आधी कामालाच हात घाला, प्राणायाम नंतर.

एक आठवडा डायरीच्या मागच्या पानावर तास लिहा. शिकवणं, कॉप्या, पोर्टलवर माहिती भरणं, पालकांचे फोन, सगळं. माझे ५८ निघाले. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शिक्षकाला आठवड्याला किमान ४५ तास आहेत, तेही तयारी धरून. हा कागद घेऊन प्रिन्सिपलकडे जा, "खूप काम आहे" म्हटलं की कोणी ऐकत नाही, आकडा दाखवला की निदान एखादा सब्स्टिट्यूशनचा पिरियड तरी कमी होतो. सरकारी शाळेत असाल तर याच कायद्याचं कलम २७ माहीत असू द्या, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी बिगर-शैक्षणिक ड्युटी आली तर लेखी ऑर्डर मागा.

कॉप्या एकेक करून तपासू नका. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, डोकं एकाच उत्तरावर राहतं आणि हात भराभर चालतो, साठ कॉप्यांत माझा जवळजवळ तास वाचतो. रिकाम्या जागा आणि जोड्या मुलांनाच अदलाबदल करून तपासू द्या.

रात्री आठनंतर पालकांचा ग्रुप म्यूट. पहिल्याच दिवशी ग्रुपवर तसं लिहून टाका म्हणजे कोणी रागावत नाही.

मुलावर ओरडलात तर दुसऱ्या दिवशी वर्गातच सॉरी म्हणा, मी म्हटलं, छातीवरचं ओझंच उतरलं.

आणि स्टाफरूममधल्या एका तरी ताईला खरं सांगा. आम्ही दोघी शनिवारी मेघदूत गार्डनला चालायला जातो, पहिला फेरा शाळेबद्दल बोलायचं, दुसऱ्यात शाळेचं नावसुद्धा काढायचं नाही.

पण दोन आठवडे झोप नाही, रडू येतंय, जगणंच नको वाटतंय असं असेल तर यातलं काहीच पुरणार नाही. घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा, नाहीतर टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतं. आमच्याकडे हा नंबर स्टाफरूममध्ये चहाच्या कपाटावर चिकटवलाय.