मॅक्रोत फूल हलतंय? क्लॅम्प आर्म लावताना या चुका टाळा

सप्टेंबरात मसाई पठारावर वारा असा पूर्ण थांबतच नाही. पन्हाळा मागे टाकून पठारावर आलं की आडोशाला झाड नाही की भिंत नाही, आणि ज्यांच्यासाठी आपण एवढं चालून आलो ती सोनकी, तेरडा, कवला, गेंद ही सगळी मंडळी बारीक देठांवर डोलत असतात. इथे लवचिक क्लॅम्प आर्म कामाला येतो. एका टोकाला भक्कम बसणारी पकड, दुसऱ्या टोकाला देठ धरणारा हलका चिमटा, आणि मध्ये हवा तसा वळणारा, वळवला तिथेच राहणारा हात. विम्बर्ली कंपनीचा ‘प्लॅम्प’ हा त्यातला फोटोग्राफरांच्या ओळखीचा प्रकार.

आर्म घेतला तरी फोटो हललेलेच येतात, असं म्हणणारे खूप भेटतात. बहुतेक वेळा आर्म ठीक असतो, अपेक्षा चुकलेली असते. आर्म लावला की फूल दगडासारखं स्थिर होणार असं धरून आपण चालतो. प्रत्यक्षात तो एकच काम करतो: देठाची मोकळी, हलणारी लांबी कमी करतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे काम नीट न कळल्यामुळे होतात.

एक मिलिमीटर म्हणजे किती

मॅक्रो म्हणजे अगदी जवळून, मोठं करून काढलेला फोटो. १:१ मॅक्रोत वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. म्हणजे फूल सेकंदाला फक्त १० मिलिमीटर या मंद गतीने सरकत असेल आणि शटर १/१०० सेकंदावर ठेवलं असेल, तर प्रतिमा सेन्सरवर ०.१ मिलिमीटर फरफटते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एका पिक्सेलची रुंदी साधारण ०.००६ मिलिमीटर असते. म्हणजे सोळा-सतरा पिक्सेलची फरफट झाली. पाकळीवरच्या शिरा पुसून जायला एवढी पुरेशी आहे. शटर १/१००० केलं तर तीच फरफट दोन पिक्सेलच्या आत येते, पण ढगाळ सकाळी तेवढा उजेड कुठून आणायचा? त्यात १:१ ला लेन्सचा उजेड अंदाजे दोन स्टॉपने घटतो, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येतो. एफ/८ लावलेलं असलं तरी उजेड एफ/१६ इतकाच मिळतो.

आणखी एक अडचण फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याची. फुल-फ्रेमवर १:१ ला एफ/११ ठेवूनही फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते. फूल डावी-उजवीकडे हललं तर फरफट दिसते; कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे-मागे हललं तर ते थेट फोकसबाहेरच जातं. म्हणून आर्म लावताना पुढे-मागे होणारी हालचाल आधी थांबवावी. वाऱ्याची दिशा बघून शक्य तेव्हा वारा बाजूने येईल असं बसावं.

देठ चुकीच्या जागी धरणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. चिमटा फ्रेममध्ये येऊ नये म्हणून लोक देठ पार खाली, मातीजवळ धरतात. पण वाऱ्यात उसाचा तुरा हलतो, बुडखा हलत नाही. जो भाग मुळात हलतच नव्हता तो धरून काय उपयोग? टोकाला भार असलेल्या बारीक दांड्याचं वाकणं मोकळ्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे चिमट्यापासून फुलापर्यंतची लांबी निम्मी केली की हेलकावा आठव्या हिश्श्यावर येतो. चिमटा दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवल्याने जो फरक पडतो, तो महागडा ट्रायपॉड घेऊनही पडणार नाही.

म्हणून आधी फ्रेम ठरवा. फ्रेमची खालची कड देठावर नेमकी कुठे येते ते स्क्रीनवर बघा आणि तिच्या लगेच खाली चिमटा लावा. चिमट्याचं टोक किंचित फ्रेममध्ये येत असेल तर थोडं मागे सरकून नंतर क्रॉप केलेलं परवडतं.

दुसरी चूक देठ ओढण्याची. आर्म आधी बसवायचा आणि मग फूल त्याच्या चिमट्यापर्यंत ओढून आणायचं, हा क्रम उलटा आहे. ताणलेला देठ तारेसारखा थरथरतो, फुलाचा नैसर्गिक झुकाव जातो आणि कोवळा देठ पिचतो. फूल जिथे उभं आहे तिथे चिमटा न्यायचा. जबडा उघडा ठेवून देठाच्या दोन्ही बाजूंना आणायचा आणि हळूच मिटायचा. मिटल्यावर फूल जागचं सरकलं, तर आर्म चुकीच्या जागी आहे असं समजा आणि पुन्हा बसवा.

चिमटा किती घट्ट असावा? देठ निसटणार नाही, पण त्यावर खूण उमटणार नाही इतकाच. कपड्याच्या चिमट्याची स्प्रिंग यासाठी फार कडक असते. क्रोकोडाइल क्लिपचे दात तर देठात रुततात. क्लिप वापरायचीच असेल तर दोन्ही जबड्यांना मऊ स्पंजची पट्टी चिकटवा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. तेरड्याचा देठ पाणीदार असतो, दाबला की लगेच काळपटतो. तिथे देठ जबड्यात दाबण्याऐवजी मऊ तारेचा सैल वेटोळा करून त्यातून देठ जाऊ द्यावा. थोडी हालचाल राहते, पण फूल शाबूत राहतं, आणि माझ्या लेखी हे जास्त महत्त्वाचं आहे.

आर्म कॅमेऱ्याच्याच ट्रायपॉडला लावणं

हे सोयीचं आहे आणि पुष्कळ लोक करतात. वारा अगदी कमी असेल, ट्रायपॉड जड असेल आणि १:२ च्या, म्हणजे वस्तूच्या अर्ध्या आकाराच्या आसपास मॅक्रो असेल तर चालूनही जातं. पण १:१ च्या जवळ गेलात की दोन त्रास सुरू होतात. आर्मला हात लावला की ट्रायपॉडचा पाय किंचित सरकतो आणि केलेला फोकस जातो. शिवाय फुलाला बसलेला वाऱ्याचा धक्का आर्ममधून कॅमेऱ्यापर्यंत पोचतो.

आर्मचा पाया वेगळा ठेवा. मऊ माती असेल तर ८ मिलिमीटरची लोखंडी सळई टोकदार करून घ्या, ती जमिनीत ठोकून तिला आर्म लावा. टेबलावरचा छोटा ट्रायपॉडही चालतो, मात्र त्यावर वजन हवं.

पाया जमला तरी आर्म सरळ लांब ताणला तर पुन्हा तेच होतं, कारण घनाचा तोच हिशोब आर्मलाही लागू आहे. पाया फुलाच्या जवळ आणा, आर्म आखूड ठेवा आणि उरलेली लांबी वळणात जिरवा. आर्म वळवून सोडला की सांधे काही क्षण किंचित परततात. म्हणून हव्या त्या जागेच्या थोडं पुढे नेऊन सोडावं, दहा-पंधरा सेकंद थांबावं, आणि मगच फोकस करावा.

दोष नक्की कुठे आहे?

फोटो धूसर आला की अंदाजाने काहीतरी बदलत बसण्यापेक्षा एक चाचणी करावी. फ्रेम थोडी मोठी घ्या, म्हणजे चिमट्याचा जबडाही त्यात दिसेल. फुलाइतक्याच अंतरावर, जमिनीत रोवलेल्या काडीसारखी एखादी न हलणारी वस्तूही फ्रेमच्या कडेला असू द्या. ज्या शटरवर खरा फोटो घेणार तेच ठेवून चार-पाच फ्रेम काढा आणि स्क्रीनवर पूर्ण मोठं करून बघा.

जबडा स्पष्ट आणि फूल धूसर असेल, तर देठाची मोकळी लांबी जास्त आहे; चिमटा वर घ्या. जबडा आणि फूल दोन्ही धूसर पण काडी स्पष्ट असेल, तर आर्म किंवा त्याचा पाया हलतोय. आर्म आखूड करा, पायावर वजन टाका. काडीसकट सगळं एकाच दिशेने फरफटलेलं असेल, तर कॅमेरा हलतोय आणि क्लॅम्पचा यात काही संबंध नाही. तेव्हा दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, आरशाच्या कॅमेऱ्यात मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय) लावा, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण बंद करून बघा. कशालाही दिशेची फरफट नाही, फक्त फूल मऊसर आहे आणि त्याच्या मागचं-पुढचं काहीतरी स्पष्ट आहे, असं असेल तर तो फोकसचा प्रश्न आहे. आणि शेवटची शक्यता: पाच फ्रेमपैकी दोन चांगल्या, तीन वाईट. याचा अर्थ मांडणी बरोबर आहे, झुळूक मध्ये येतेय. आता काही न बदलता दोन झुळुकांमधली फट शोधायची आणि तेवढ्यात क्लिक करायचं.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या अनेक फ्रेम जोडून एक चित्र, करणाऱ्यांनी तर ही चाचणी पास झाल्याशिवाय पुढे जाऊच नये. फ्रेममागून फ्रेम घेताना फूल मध्येच अर्धा मिलिमीटर सरकलं, तर जोडलेल्या चित्रात पाकळीच्या कडा दुहेरी दिसतात आणि त्या नंतर दुरुस्त करणं फार किचकट होतं.

उद्यमनगरातला आर्म

बाहेरून मागवलेला आर्म महाग वाटत असेल तर कोल्हापुरात एक चांगली सोय आहे. लेथ आणि मिलिंग मशीनवर कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारा द्रव) सोडायला मण्यांसारख्या तुकड्यांचा, गोळी-खोबणीने जोडलेला प्लास्टिकचा पाइप असतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीनचं काम चालतं तिथे हा कूलंट पाइप सर्वांच्या माहितीचा, आणि मशीनच्या सामानाच्या दुकानात विचारला की दाखवतात. पाव इंची पाइप फुलासाठी फार लेचापेचा पडतो. अर्धा इंची घ्यावा. लांबी कमी करायची तर तो भाग प्रमाणाबाहेर वाकवला की सांधा फटकन सुटतो. जोडताना दोन्ही तुकडे सरळ रेषेत धरून जोरात दाबायचे.

यातली चूक रंगाची होते. हे पाइप बरेचदा निळ्या-नारिंगी रंगात येतात. पांढऱ्या गेंदाच्या शेजारी नारिंगी पाइप ठेवलात तर पाकळ्यांवर त्याची झाक येते, फ्लॅश वापरलात तर जास्तच. काळा मिळाला तर उत्तम, नाहीतर चिमट्याजवळचे तुकडे मॅट काळ्या टेपने गुंडाळा. मशीनवर वापरलेला जुना पाइप फुकट मिळाला तरी आधी साबणाने स्वच्छ धुवा, कारण सांध्यात कूलंटचं तेल असेल तर तो वजन पेलत नाही.

पायासाठी फाउंड्रीच्या भंगारातली दोन-एक किलोची बिडाची चकती मिळाली तर घरातल्या कामाला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

किडा बसला असेल तर

ज्या फांदीवर किडा आहे तिला क्लॅम्प लावताना तो उडतो, किंवा काही भुंगेरे करतात तसा थेट खाली पडतो. चतुर आणि फुलपाखरं पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात. क्लॅम्प लावायचा तो तेव्हाच. आधी पाया रोवून घ्या, आर्म खालून, किड्याच्या नजरेआडून आणा आणि जबडा सगळ्यात शेवटी मिटा. दवाचे थेंब हवे असतील तरी हाच क्रम, नाहीतर पहिल्याच धक्क्याला थेंब गळतात. ऊन वर आल्यावर किडा जागा होतो. मग क्लॅम्प सोडून फ्लॅशकडे वळावं: कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून आखूड असतो आणि हालचाल तोच गोठवतो. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरसाठी फ्लॅश एका झोताऐवजी लागोपाठ लुकलुकवणं) लावलात तर मात्र हा फायदा जातो.

सड्यावर क्लॅम्प लावताना

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, मातीचा थर इतका पातळ असतो की सळई आत जातच नाही. ठोकत बसू नका, त्या थरातच सगळ्या वनस्पतींचं बस्तान असतं. कापडी पिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून ती आर्मच्या छोट्या ट्रायपॉडला टांगा. वजनासाठी सड्यावरचे दगड उचलू नका. त्यांच्या खाली विंचू असतो, बेडूक असतो, त्यांचं घर असतं.

सीतेची आसवे या निळ्या फुलांचे देठ दोऱ्यासारखे असतात. त्यांना क्लॅम्प लावूच नये. तिथे वाऱ्याकडच्या बाजूला उघडी छत्री आडवी धरावी, पोटावर झोपावं आणि वाट बघावी. पण झोपण्याआधी अंगाखाली काय चिरडतंय ते बघा. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांना आर्मचा स्पर्शही होऊ देऊ नका. आणि फूल हलतंय म्हणून तोडून आडोशाला नेऊन फोटो काढणं हा उपाय नव्हे. बी धरण्याआधीच ते झाड त्या हंगामाला मुकतं. राधानगरी अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, तिथे परवानगीशिवाय काही तोडणं किंवा उचलून नेणं गुन्हा ठरतो.

घरातल्या वस्तू

कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, आणलेल्या साजाचं एखादं पान किंवा मणी मॅक्रोत घ्यायचा असेल तर वाऱ्याचा प्रश्न नसतो, पण पंखा बंद करायचा राहून जातो. लोंबती वस्तू आर्मला टांगली तर ती शांत व्हायला बराच वेळ घेते. मागून काळ्या मेणाचा छोटा ठिपका देऊन टेकवली की लगेच थांबते. सोन्याला उघडा धातूचा जबडा कधी लावू नका. आणि चकाकत्या पृष्ठभागात आर्मचं प्रतिबिंब दिसतंय का, ते क्लिक करण्याआधी पूर्ण मोठं करून तपासा.

पठारावरून आल्यावर आर्म तसाच पिशवीत ठेवू नका. जांभ्याची बारीक लाल माती सांध्यांत शिरते, सुकते आणि पुढच्या वेळी सांधे करकरतात, मग हळूहळू सैल होतात. कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत पूर्ण वाळवा. करकर गेली नाही तरी तेल घालू नका; आर्म उभा राहतो तो त्या घर्षणावरच.