सोसायटीच्या ग्रुपवर सल्ला कसा मागावा (आणि थट्टा कुठे करावी)

"कोणाकडे चांगला प्लंबर आहे का?" एवढी एक ओळ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. तिघे नंबर टाकतात. त्यातला एक बंद असतो आणि एक फक्त टाक्या धुतो. चौथे काका "काय झालं?" विचारतात. पाचवे आधीच्या सेक्रेटरींच्या काळात पाइप का बदलले नाहीत ते सविस्तर सांगायला घेतात. सहावे नुसते हात जोडतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत विषय पाइपवरून पार्किंगवर गेलेला असतो आणि तुमच्या बाथरूमचं छत ठिबकतच असतं.

यात ग्रुपचा दोष कमी आणि प्रश्नाचा जास्त. मोघम विचारलं की जो तो आपल्या मनातलं बोलून घेतो. छताला आलेल्या ओलीचंच उदाहरण धरून चालू, कारण जून उजाडला की हा प्रश्न कुठल्याही ग्रुपवर येतोच येतो.

१. आधी घरात बघून घ्या

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दोन-तीन दिवसांनी डाग रेघेबाहेर सरकला का ते बघा. वरची मंडळी गावाला गेली की तो वाळतो का? वाळत असेल तर बहुधा वापराचं पाणी झिरपतंय, म्हणजे नाहणी ट्रॅप (नाहणीच्या जाळीखालचं, पाणी वाहून जायचं भांडं) किंवा टाइल्सच्या फटी. वर कोणी नसतानाही थेंब चालूच राहिले तर संशय नळाच्या पाइपवर जातो, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. आणि उन्हाळ्यात ठणठणीत, पावसात ओलं असं असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची.

एवढं कळलं की कोणाला विचारायचं तेही ठरतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून होणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीकडे येतं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याने स्वखर्चाने काढायची. म्हणजे पहिल्या प्रकारात कमिटीला लेखी अर्ज द्यायचा. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे अर्ज नव्हे, चेअरमनसाहेबांनी त्यावर अंगठा दाखवला असला तरी! अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

दुसऱ्या प्रकारात ग्रुपवर जायच्या आधी वरच्यांची बेल वाजवा. "तुमच्या बाथरूममधून गळतंय" हे चारशे लोकांसमोर वाचायला मिळालं तर कोणीही आधी नाकारणार आणि मग बघणार. वर भाडेकरू असतील तर मालकांना वेगळा मेसेज करा, फोटोसकट. मालक न्यू जर्सीत असतील तर आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिथले सकाळचे आठ किंवा नऊ. तेव्हा उत्तर येण्याची शक्यता बरी असते.

२. प्रश्न असा लिहा

"नमस्कार. बी विंग, दुसरा मजला. बाथरूमच्या छताला वर्षभर ओल आहे, पाऊस असो वा नसो. वरच्या काकूंशी बोलणं झालंय, त्या दुरुस्तीला तयार आहेत. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी नाहणी ट्रॅप बदलून घेतला त्यांनी कृपया सांगावं: टाइल्स फोडाव्या लागल्या का, आणि काम किती दिवस चाललं? फोटो खाली."

या मेसेजने तीन दारं बंद केली. पावसाचं पाणी असेल, असं कोणी म्हणणार नाही. वरच्यांना सांगितलंत का, असं कोणी विचारणार नाही. आणि "गेल्या दोन वर्षांत ज्यांनी" म्हटल्यामुळे ज्यांनी काही केलेलं नाही ते बरेचसे गप्प बसतात. सगळे नाही. एक जण लिहिणारच की आमच्याकडे असा त्रास कधीच झाला नाही. त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

फोटो दोन पुरेत: एक डागाचा जवळून, एक लांबून, म्हणजे डाग भिंतीजवळ आहे की मधोमध ते दिसेल. बादलीवर वाळत घातलेले कपडे आधी काढा. लोक ओल सोडून तेच बघतात.

एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. ओलीबरोबर "आणि हो, लिफ्टचा पंखा कधी लागणार?" असं लिहिलंत तर उत्तरं फक्त पंख्याची येतील. रात्री दहानंतर विचारू नका, सकाळी फुलांच्या फोटोंखाली प्रश्न गाडला जातो. लिहिताना चूक झाली तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो.

३. उत्तरं चाळणीतून काढा

ज्यांनी स्वतः काम करून घेतलं त्यांची उत्तरं वेगळी काढा. त्यांना खासगीत एकच गोष्ट विचारा: "त्यानंतर एक पावसाळा गेला का?" ओलीच्या कामाची परीक्षा तिथेच होते. मे महिन्यात केलेल्या वॉटरप्रूफिंगचं जूनच्या पहिल्या आठवड्यात केलेलं कौतुक काही कामाचं नसतं. वरचं काम झाल्यावर नाहणी बंद करून बाथरूममध्ये चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं होतं का, हेही विचारा. जो प्लंबर हे स्वतःहून सुचवतो त्याचा नंबर आधी लावावा.

दोन बाण असलेला, "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असा शिक्का घेऊन आलेला उपाय वाचून सोडून द्या. ओलीवर चुना आणि तुरटीचा लेप सांगणारा मेसेज ज्याने टाकला त्याच्या घरी ओल नसते.

काही सल्ले इथे मागूच नयेत: मुलाला ताप आहे, किती मिली द्यावं; बँकेतून फोन आलाय, ओटीपी सांगू का. पहिल्यासाठी डॉक्टर आहेत. दुसऱ्यात पैसे गेलेच असतील तर ग्रुपवर हळहळ गोळा करण्याआधी १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा, कारण तिथे मिनिटांना किंमत असते.

४. थट्टा कुठे करावी

थट्टेशिवाय हे ग्रुप निव्वळ नोटीस बोर्ड होतील आणि नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही. हसत्या ग्रुपवर प्रश्नालाही लवकर उत्तर मिळतं. फक्त रोख कोणावर आहे ते बघायचं.

सर्वात सुरक्षित गिऱ्हाईक आपण स्वतः. त्यानंतर निर्जीव वस्तू: लिफ्ट, टँकर, इंटरकॉम. "लिफ्ट आज तिसऱ्या मजल्यावर ध्यानाला बसली आहे, कृपया कोणी बटण दाबून भंग करू नये" यावर कोणाचं काही दुखत नाही आणि लिफ्ट बंद असल्याची बातमीही पोचते. त्याखालोखाल पक्षी-प्राणी. एकीने लिहावं, "बाल्कनीत कबुतरांनी दुसरं बाळंतपण उरकलंय. मला भाडेकरू ठेवल्याचा दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी आकार लागणार का?" आणि एका निवृत्त काकांनी अगदी गंभीरपणे उत्तर द्यावं, "तुम्ही स्वतः राहत आहात, त्यामुळे लागू नाही. आणि ते दहा टक्के सर्व्हिस चार्जेसवर असतात, एकूण मेंटेनन्सवर नव्हे." अशा उत्तराने सगळा ग्रुप हसतोही आणि निम्म्या लोकांना नियमही कळतो. काकांना हसण्याचं कारण सांगायला जाऊ नका.

वॉचमन, घरकामाच्या मावशी, भाड्याने राहणारी मुलं आणि मेंटेनन्स थकलेले लोक यांच्यावर विनोद करू नये. पहिले दोघे ग्रुपवर नसतात, भाडेकरूंना बहुधा घेतलेलंच नसतं, आणि चौथा गप्प बसून वाचत असतो. फ्लॅट नंबर घालून केलेली थट्टा तर थेट जनरल बॉडीत निघते, तीही विषयपत्रिकेत नसताना.

टोमणा ही आपली जुनी कला, पण ती समोरासमोर शोभते. "वा, छान!" यातला सूर चेहऱ्यावर कळतो, स्क्रीनवर कळत नाही. ज्यांचं खरंच छान म्हणून अभिनंदन केलं तेही रुसतात. शंका असेल तर शेवटी हसरा चेहरा टाका. तरीही शंका उरली तर तो मेसेज घरात वाचून दाखवा आणि तिथेच ठेवा.

आणि कोणाचा प्रश्न अडलेला असताना त्याखाली विनोद नको. आधी एक तरी कामाचं उत्तर पडू द्या. ज्याच्या डोक्यावर पाणी पडतंय त्यानेच पहिला विनोद केला तर मात्र बाकीच्यांना मोकळीक.

मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण स्क्रीनशॉटला अडीच सेकंद लागतात. ॲडमिनवर ढकलूनही भागत नाही. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. लिहिणाऱ्याची जबाबदारी लिहिणाऱ्याकडेच.

५. काम झालं की कळवा

हे जवळजवळ कोणी करत नाही. काय निघालं, किती दिवस लागले, अंदाजे खर्च किती आला, कारागीर वेळेवर आला का, हे चार ओळींत लिहा. कारागिराचा नंबर त्याला विचारून टाका. ॲडमिनना सांगून मेसेज पिन करून घ्या. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, पावसाळ्याच्या तोंडाशी तेवढी पुरते. त्यानंतर लोक सर्चवर अवलंबून असतात आणि सर्चला तेच अक्षर लागतं. कोणी गळती शोधतं, कोणी लीकेज, कोणी ओल. म्हणून मेसेजच्या शेवटी तिन्ही शब्द एका ओळीत लिहून ठेवा.